तिसरी पुकार

मी सर्वांत जास्त ज्या माणसाचा ऋणी आहे ती माझी मोठी बहीण. तिला मी ताई म्हणतो. ती दहावीनंतर शाळेत गेली नाही. मी बी.ए. झालो, मग बी.एड., आणि आता यवतमाळकडच्या एका शाळेत मराठी शिकवतो. आमच्या घरात पदवी आणणारा मी पहिला. तो कागद फ्रेम करून भिंतीवर लावला तेव्हा खिळा ताईनेच ठोकला, आणि फ्रेम वाकडी दिसते म्हणून काढून पुन्हा ठोकला.

आर्वी आणि पुलगावच्या मधे आमचं गाव. गावाबाहेर मिशनचं कंपाउंड होतं. त्यात चर्च, बंद पडलेला दवाखाना, कडुनिंबाची झाडं आणि एका कोपऱ्यात चौकीदाराच्या दोन खोल्या. चौकीदार म्हणजे माझे बाबा. राखण, झाडलोट आणि रविवारी घंटा एवढं त्यांचं काम, आणि त्याबद्दल थोडा पगार आणि त्या दोन खोल्या. मी सातवीत असताना आई वारली. त्या दिवसापासून घर ताईच्या हातात गेलं.

ताईचं घर म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती. काडीपेटी चुलीच्या उजव्या कोनाड्यात, सुई-दोरा बिस्किटाच्या चौकोनी डब्यात, बायबल आणि गायनाचं पुस्तक खिडकीशेजारच्या फळीवर, त्यावर भरतकाम केलेला रुमाल. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत. मला त्यांचं हसू यायचं, कारण घरात आम्ही तिघंच, आणि तुरीची डाळ कोणालाही ओळखता येते. शनिवारी दुपारी ती कोळशाची इस्त्री पेटवायची, तिघांचे रविवारचे कपडे करायची, जोडे पुसून दाराशी ओळीने ठेवायची. स्वयंपाकाला बसली की आधी एक मूठ तांदूळ किंवा ज्वारी वेगळ्या डब्यात टाकायची. तो मुठीचा डबा रविवारी चर्चमध्ये जायचा. घरात पीठ कमी असलं तरी ती मूठ चुकत नसे. दिवेलागणीला प्रार्थना, आणि प्रार्थनेच्या आधी झाडू. चर्चच्या मंडळीतल्या पंचांची बायको, जिला आम्ही सगळे काकू म्हणत असू, ती एकदा दारात उभी राहून म्हणाली, "पोरी, तुह्या घरात धूळबी विचारून येते वाटते."

"येते काकू," ताई म्हणाली, "पन बसत नाई."

या घराशिवाय ताईचं आणखी एक घर होतं. ते आईच्या लोखंडी ट्रंकेत, खाटेखाली होतं. निळ्या काठाचे चार कप, चहाची गाळणी, दोन पडदे, उशांचे अभ्रे, भिंतीवर टांगायचा लाकडी क्रूस. आईने सुरू केलं होतं, ताईने पुढे चालवलं. दरवर्षी नाताळाआधी ती ट्रंक अंगणात नेऊन उघडायची, पडद्यांना ऊन दाखवायची, कप पुसायची आणि सगळं कडुनिंबाच्या पाल्यात परत ठेवायची. मी एकदा त्यातला कप चहाला घेतला तर म्हणाली, "ठेव थो. थे माह्या घरचे हायेत." ते बोलताना तिला लाज वाटत नसे. आपलं एक घर होईल आणि त्यातला पहिला पडदा हाच असेल, हे तिच्या लेखी ठरलेलंच होतं.

मी बारावीत होतो तेव्हा बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. वर्ध्याच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर ताईने आठवडाभरात घर पुन्हा नव्याने लावलं. या वेळी सगळं डावीकडे, कारण बाबांचा डावा हात चालायचा. खाट फिरवली. पाण्याचा पेला, टॉवेल, बायबल, सगळं डाव्या हाताला आणलं. चर्चच्या घंटेचा जुना दोर बदलला होता, तो तिने खाटेपासून मागच्या मोरीपर्यंत कमरेइतक्या उंचीवर ताणून बांधला. त्याला धरून बाबा चार पावलं टाकू शकत. आणि बोलणं नाही म्हणून तिने खुणा बसवल्या. कपाळाला हात लावला की पाणी. खाटेवर थाप मारली की भूक. आणि उभे राहिले की त्यांना लघवीला न्यायचं.

"बाबा उभे राह्यले की हातातलं काम टाकायचं अन् उठायचं," ती मला बजावायची. "मंग पाह्यचं नाई काऊन उभे राह्यले म्हनून."

या खुणा शिकायला बाबांना फार दिवस लागले नाहीत. घंटाही ताईच वाजवू लागली. चौकीदारी कागदोपत्री बाबांचीच राहिली, खोल्याही राहिल्या. मी वर्ध्याला कॉलेजात गेलो, बोरगाव मेघेला एका खोलीत तीन मुलांबरोबर राहू लागलो. शनिवारी एस.टी.ने घरी यायचो. माझी रविवारची इस्त्री तयार असायची.

ताईला सत्ताविसावं लागलं तेव्हा स्थळ आलं. मुलगा अमरावतीचा, मोटारींच्या गॅरेजमध्ये कामाला, चर्चमध्ये नियमित जाणारा, शांत. त्याचे मामा पुलगावला राहत, त्यांनीच पुढाकार घेतला होता. ती मंडळी बघायला आली तेव्हा बाबा खुर्चीत बसले होते, इस्त्रीचा सदरा, केस विंचरलेले, मांडीवर टॉवेल. ताईने त्यांना सकाळीच सगळं आटोपून बसवलं होतं, रोज बसवायची तसं. झटका आला होता, बोलता येत नाही, हे आम्ही सांगितलं होतं. काही लपवायचं कोणाच्या मनात नव्हतं. पण त्या खोलीत आजारपण कुठे दिसतच नव्हतं. दोरावर धुतलेला टॉवेल वाळत होता, त्यामुळे तो कपडे वाळवायचा दोर वाटला. मुलाची आई पलंगपोस हातात घेऊन म्हणाली, "हे तू भरलं? बाई गं." लग्न ठरलं.

आमच्यात लग्न ठरलं की लागोपाठ तीन रविवार उपासनेत दोघांची नावं वाचतात आणि विचारतात, या विवाहास कोणाची हरकत असल्यास आताच सांगावे. याला आमच्याकडे पुकार म्हणत. दोन्हीकडच्या चर्चमध्ये तीन पुकारा झाल्या की लग्न लागतं. आमच्या छोट्या मंडळीला स्वतःचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, नव्हते, पंच उपासना चालवत. पुकारेसाठी वर्ध्याहून पाळकसाहेब येणार होते. नुकतेच बदलून आलेले, तरुण, नियमाला धरून चालणारे होते.

पहिली पुकार नीट झाली. नेहमीप्रमाणे बाबा डावीकडच्या दाराजवळच्या बाकावर होते आणि ताई त्यांच्या शेजारी होती. दुसऱ्या रविवारी मुलाचे मामा पुलगावहून मुद्दाम आले. आमच्या चर्चमध्ये पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला बसत. काकू ताईला म्हणाली, "आज तरी बायकांत बस. नवरी व्हायची अन् बापाले चिकटून बसून राह्यली. लोकं काय म्हनतीन?" बायका हसल्या. ताई उठून त्यांच्यात गेली. बाबांजवळ पंच बसले. मी समोर पेटी वाजवायला बसलो होतो.

पाळकसाहेबांनी नावं वाचली. मग म्हणाले, "या विवाहास कोणाची हरकत असल्यास आताच सांगावे."

आणि बाबा उभे राहिले.

डाव्या हाताने पुढचा बाक धरून, हळूहळू, पूर्ण उभे. पाळकसाहेब गोंधळले. "बाबा, तुम्हाला काही म्हणायचं आहे का?" त्यांनी विचारलं. बाबांनी मान हलवली. झटक्यानंतर ते कशालाही अशीच मान हलवत, हो आहे की नाही ते आम्हालाही कळत नसे. पाळकसाहेबांनी पुन्हा विचारलं. बाबा तसेच उभे.

मला कळलं तेव्हा ताई निम्म्या वाटेवर होती. बायकांच्या बाजूने उठून ती मधल्या वाटेवरून सगळ्यांसमोर चालत आली, बाबांचा डावा हात खांद्यावर घेतला आणि त्यांना बाजूच्या दाराने बाहेर नेलं. ती काही बोलली नाही. भरल्या चर्चमध्ये बापाला लघवीला लागली आहे असं कोणती मुलगी सांगेल? बघणाऱ्यांना एवढंच दिसलं, की बापाने हरकत घेतली आणि मुलीने बापाला धरून बाहेर काढलं.

पाळकसाहेब म्हणाले, "ही पुकार आज इथेच थांबवतो. आधी विचारपूस करू." मला पुढचं गाणं वाजवायला खूण केली. मी वाजवलं.

उपासनेनंतर पाळकसाहेब, पंच आणि मामा आमच्या खोलीत आले. ताईने चहा ठेवला होता. बाबा खाटेवर, कोरड्या पायजम्यात.

"बाई, वडिलांची काय हरकत आहे?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"हरकत नाई साहेब. त्याईले बाहेर जायचं होतं."

"बाहेर म्हणजे?"

"लघवीले," ताई म्हणाली.

पंचांना हसू फुटलं. पाळकसाहेबही हसले, कपाळाला हात लावून म्हणाले, "आणि मी त्यांना दोनदा विचारलं." मामाही हसले. बाबांनी पाळकसाहेबांचा कपाळावरचा हात पाहिला आणि पाण्याच्या पेल्याकडे बोट दाखवलं, साहेबांना तहान लागली असं समजून. त्यावर तर सगळेच हसले. मी पण. मला वाटलं, सुटलो.

मामांनी चहा संपवला आणि कप ठेवायला जागा शोधत उठले. दोराजवळ थांबले. दोराला हात लावला. त्याच्या कडेने मोरीपर्यंत गेले, तिथली बादली, डबा, वाळत घातलेल्या फडक्यांची रांग बघून परत आले.

"हे सगळं कोन करते?"

"मीच," ताई म्हणाली.

"रात्रीबी?"

"हो."

"त्या दिशी तर हे असे बसले होते खुर्चीत, जसे पेन्शन खाऊन राह्यले." ते रागाने बोलत नव्हते. खाटेच्या कडेला बसले आणि बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पोरी, लग्न झाल्यावर?"

"मी त्याईले संगं नेईन. नाई जमलं तं येत जाईन."

"पोराची मायबी आजारी राह्यते. दोन घरं कशी सांभाळशील?"

"सांभाळीन मामाजी."

"सांभाळशीलच तू," मामा म्हणाले. "थेच तं. मंग आमच्या वाट्याले तुह्यातलं काय उरन?"

ताईने त्यांच्या हातातला कप घेतला आणि आत गेली. पाळकसाहेब म्हणाले की पुढल्या रविवारी दुसरी पुकार पुन्हा करतो आणि त्याच्या पुढल्या रविवारी तिसरी. मामा म्हणाले, घरी विचारून कळवतो. त्यांनी बाबांना सलाम केला, ताईला सलाम केला, आणि एस.टी. पकडायला निघाले.

पुढल्या रविवारी पाळकसाहेब आले. अमरावतीहून निरोप आला नव्हता म्हणून पुकार केली नाही. त्याच्या पुढल्या रविवारी ते आले नाहीत. हंगामाच्या सणाला, जेव्हा आम्ही शेतातलं धान्य, भोपळे, कोंबड्या वेदीपुढे ठेवतो आणि मग त्यांचा लिलाव होतो, तेव्हा काकूने बातमी आणली की मुलाच्या पुकारा अमरावतीला झाल्या, दुसऱ्या मुलीबरोबर. ताई तेव्हा लिलावातली ज्वारी पोत्यात भरत होती. तिने पोत्याचं तोंड शिवून घेतलं.

मामांना मी दोष देऊ शकत नाही. तो द्यायचं मी पुष्कळ वर्षं करून पाहिलं. हरकतीचं निस्तरता आलं, पण घरातलं खरं काय ते कळल्यावर निस्तरण्यासारखं काही उरलं नाही.

तेव्हा मी ताईला म्हणालो होतो, "मी कॉलेज सोडतो. चौकीदारी मी करतो, बाबाले मी पाह्यतो. तू मोकळी हो."

ती डब्यांवरच्या फाटलेल्या चिठ्ठ्या बदलत होती. "अन् मंग? बी.ए. कोन होईन, मी?"

"एक वर्ष राह्यलं फक्त. नंतरबी करता येईन."

"बाबू," ती म्हणाली, "या घरातून एक जन तरी बाहेर गेला पाह्यजे. दोघंबी इथं बसलो तं आईनं काऊन एवढं केलं? तू सोमवारच्या गाडीनं जाजो." आणि चिठ्ठी चिकटवून अंगठ्याने दाबून धरली. तिच्याशी वाद घालणं म्हणजे त्या घरातली एखादी वस्तू हलवण्यासारखं होतं. थोड्या वेळाने ती जागेवर परत जायचीच. मी सोमवारी गेलो. बी.ए. झालो.

बाबांना काय कळलं होतं, ते आम्हाला कधी समजलं नाही. पण त्या रविवारनंतर ते चर्चमध्ये कधीही उभे राहिले नाहीत. गायनाला सगळे उठत तेव्हाही नाही. ताई आता पुरुषांच्या बाजूला त्यांच्याशेजारीच बसायची, कोणी काही म्हणत नसे. ती त्यांच्याकडे बघून हळूच विचारायची, "जायचं का?" ते समोर बघत राहत. काही वेळा पायजमा ओला झाला, बाकाखाली पाणी आलं, तरी उठले नाहीत. उपासना संपेपर्यंत ताई आपला पदर त्यांच्या मांडीवर टाकून बसायची. घरी मात्र पूर्वीसारखे उभे राहत.

असे ते पुढे पाच-सहा वर्षं जगले. त्यांना कंपाउंडच्या मागच्या कबरस्थानात पुरलं. सगळे गेल्यावर ताईने घरी येऊन खाट धुतली, पण दोर सोडला नाही. मी सोडायला गेलो तर म्हणाली, "राहू दे. अंधारात मोरीकडे जायले बरा पडते."

मग काकूने वर्ध्याच्या एका विधुराचं स्थळ सांगितलं. मुलं मोठी होती, माणूस बरा होता. ताई म्हणाली, "आता दुसऱ्याच्या घरात कोनता डबा कुठं असते थे शिकाची ताकत नाई काकू." काकूने पुन्हा विषय काढला नाही. तिचं स्वतःचं घरही त्याच वर्षी मुलामागे पुण्याला गेलं. एकेक करत घरं जात होती, नागपूरला, पुण्याला. लिलाव बंद झाला, कारण बोली लावायला माणसं नव्हती. चौकीदारी आता ताईच्याच नावावर होती, घंटा तीच वाजवायची. घंटेला येणारे बाकांच्या दोन रांगांत मावायला लागले, नंतर एकीत.

माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या पुकारा त्याच चर्चमध्ये झाल्या. तिन्ही झाल्या. तिसरीला मी गावी होतो. पाळक दुसरे होते. त्यांनी हरकतीचं विचारलं तेव्हा ताई खिडकीतून बाहेर बघत होती.

लग्नानंतर ती यवतमाळला आली, ट्रंक घेऊन. दोन दिवसांत आमचं स्वयंपाकघर लावलं, माझ्या बायकोला डब्यांची जागा समजावून सांगितली. मग ट्रंक उघडली. पडदे आमच्या खिडकीला लावले. क्रूस दारावर ठोकला, वाकडा वाटला म्हणून पुन्हा ठोकला. निळ्या काठाचे कप फळीवर मांडले. मी म्हणालो, "ताई, हे तुह्या घरचे होते." ती म्हणाली, "मंग? हे कोनाचं घर हाय?" आणि रिकामी ट्रंक घेऊन रविवारच्या आत परत गेली, कारण घंटा होती. आम्ही तिला राहा म्हटलं. दरवर्षी म्हणतो.

मागच्या महिन्यात कळलं की कंपाउंडला कुलूप लागणार. राहिलेल्या माणसांची उपासना पुलगावला होईल आणि चौकीदाराच्या खोल्या रिकाम्या कराव्या लागतील. ताईने गावात एक खोली भाड्याने बघितली आहे. हे तिने मला सांगितलं नाही, आताच्या पंचांकडून कळलं. तेव्हा मी तिला हे पत्र पाठवलं.

ताईस सलाम.

खोलीचं कळलं. तू सांगितलं नाहीस म्हणून रागावलो नाही. आमच्याकडे मागची खोली रिकामी आहे. तिच्यात आम्ही अजून काही ठेवलेलं नाही, तू येऊन लावशील म्हणून. तू येणार नाहीस हे मला माहीत आहे, तरी लिहितो.

निळ्या काठाचा एक कप मुलीच्या हातून फुटला. तिची आई रडली. मी म्हटलं, कप चहासाठीच असतात. उरलेले तीन आता रोज वापरतो. तू मागे विचारलं होतंस म्हणून सांगतो. पडदे फिके झाले आहेत पण बदलले नाहीत.

मी पदवीधर झालो, नोकरीला लागलो, माझं घर झालं. हे सगळं तू मला दिलंस आणि त्यातलं काहीच मला तुला परत देता येत नाही. देवाजवळ रोज बोलतो, पण तुझ्यासाठी आता नेमकं काय मागावं ते मला सुचत नाही. आधी सुचायचं.

त्या रविवारी मी पेटीवर होतो. तू बायकांतून उठून बाबांकडे येत होतीस तेव्हा तुझा चेहरा मला दिसला. पुढे काय होणार ते तुला तेव्हाच कळलं होतं असं मला वाटतं. तरी तू थांबली नाहीस. याचं उत्तर लिहू नकोस.

खोली रिकामी करताना दोर काढावा लागेल. गाठी तुझ्या हातच्या आहेत, सुटायच्या नाहीत, कापाव्या लागतील. एकटी असताना कापू नकोस. शनिवारच्या गाडीने मी येतो, मग कापू.

तुझा,
बाबू